मातीत मुरलेले पेट्रोल

नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसभरात किती पाणी वाया जाईल, हे गणित आपण मुलांना अनेकदा घालतो. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले, तर दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक असे उत्तर येते. मुले चकित होतात आणि नळ घट्ट बंद करायला शिकतात.

आता हेच गणित थोडे बदलू. नळाऐवजी जमिनीखाली पुरलेली लोखंडी टाकी आहे आणि पाण्याऐवजी तीत पेट्रोल आहे. टाकीला गंजामुळे एक बारीक छिद्र पडले आहे. गळणारा थेंब कोणाला दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. वर्षाकाठी दीड हजार लिटर पेट्रोल मातीत मुरते, आणि पंपाच्या रोजच्या उलाढालीत एवढी तूट सहज झाकली जाते.

हे पेट्रोल जाते कुठे? आणि एकदा मातीत गेलेले पेट्रोल परत काढता येते का? गेल्या सुमारे पन्नास वर्षांत या प्रश्नांची उत्तरे शोधताना शास्त्रज्ञांच्या समजुती अनेकदा बदलल्या. त्या बदलांचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण पेट्रोलपंपांची संख्या तेथे सर्वांत आधी वाढली आणि त्यांच्या टाक्याही तेथेच आधी गळू लागल्या.

औषधाच्या दुकानातून जमिनीखाली

१८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याने खणलेल्या विहिरीला तेल लागले. त्या काळी खनिज तेलातून हवे होते ते रॉकेल, दिव्यासाठी. रॉकेल गाळताना निघणारा हलका, चटकन पेट घेणारा भाग म्हणजे पेट्रोल ही एक ब्याद होती. तिचा फारसा उपयोग नव्हता. डाग काढण्यासाठी असले हलके द्रव थोड्या प्रमाणात औषधांच्या दुकानांत विकले जात. १८८८ साली बर्था बेंझ ही धाडसी स्त्री आपल्या नवऱ्याने बनवलेली मोटारगाडी घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत व्हिसलोख गावच्या औषधविक्रेत्याकडून तिने इंधन घेतले ते असेच. डाग काढणारे हे द्रव पुढे जमिनीवरचा इतका मोठा डाग ठरेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

मोटारी वाढल्या तसे पेट्रोल विकण्याचे स्वतंत्र ठिकाण आवश्यक झाले. १९१३ साली पिट्सबर्ग शहरात खास मोटारींसाठी बांधलेला पंप सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत असे पंप अमेरिकेत चौकाचौकांत दिसू लागले. पेट्रोलचा साठा जमिनीवर ठेवणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे होते. तेव्हा टाक्या जमिनीत पुरायच्या, असा शहाणपणाचा निर्णय झाला. आगीचा धोका त्यामुळे खरोखरच कमी झाला. पण आग सर्वांना दिसते, गळती कोणाला दिसत नाही. साध्या पोलादाच्या, कसलाही लेप नसलेल्या टाक्या ओलसर मातीत वर्षानुवर्षे पडून राहिल्या. ओलावा, मातीतील क्षार आणि ऑक्सिजन एकत्र आल्यावर लोखंडाचे काय होते, हे सातवीतल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुरलेल्या टाक्या १९७० व १९८० च्या दशकांत गळू लागल्या. लोकांच्या विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, तळघरांत वाफा साचू लागल्या. डिसेंबर १९८३ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा विषय घरोघरी पोहोचवला. १९८४ साली अमेरिकी संसदेने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८८ साली सविस्तर नियम आले. जुन्या टाक्या २२ डिसेंबर १९९८ पर्यंत सुधाराव्यात, बदलाव्यात किंवा बंद कराव्यात, असे मालकांना बजावण्यात आले. नियमांच्या कक्षेत येणाऱ्या टाक्या तेव्हा सुमारे २० लाख होत्या. टाक्या उकरू लागल्यावर खरी परिस्थिती उघड झाली. आजवर त्या देशात गळती झाल्याचे सिद्ध झालेली प्रकरणे साडेपाच लाखांहून अधिक आहेत. त्यांपैकी बहुतेक ठिकाणची सफाई आता पूर्ण झाली आहे, पण हजारो जागांवर काम अजून चालू आहे.

मातीत काय घडते

पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेकडो संयुगांचे ते मिश्रण आहे. टाकीतून गळालेले पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली जाते आणि वाटेत चार रूपांत विभागले जाते. काही भाग मातीच्या कणांना चिकटून बसतो. काही भागाची वाफ होऊन ती कणांमधल्या पोकळ्यांत भरते. उरलेले पेट्रोल भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचले, की पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगते. आणि त्यातला थोडासा अंश पाण्यात विरघळतो व भूजलाबरोबर वाहू लागतो.

यांतला शेवटचा, विरघळलेला अंश सर्वांत कमी असतो आणि सर्वांत घातक असतो. पेट्रोलमधील बेंझीन हे संयुग रक्ताच्या कर्करोगाला कारण होते, आणि ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. अमेरिकेत पिण्याच्या एक लिटर पाण्यात बेंझीनचे प्रमाण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरले, तर एक लिटर पेट्रोलमध्ये ते सुमारे ७ ग्रॅम भरते. हे सगळे पाण्यात गेले असे समजले, तर सुमारे १५ लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर आणायला एक लिटर पेट्रोल पुरेसे ठरते. प्रत्यक्षात ते सगळे पाण्यात जात नाही, हे आपले नशीब. ते का जात नाही, याचे उत्तर या कथेत पुढे येईल.

उकरणे आणि उपसणे

अगदी सुरुवातीचा उपाय म्हणजे माती उकरायची, मालमोटारीत भरायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची. जागा साफ झाली, पण पेट्रोल नाहीसे झाले नाही, त्याचा फक्त पत्ता बदलला. शिवाय वर इमारत वा रस्ता असेल, किंवा तेल खोल गेले असेल, तर उकरणे शक्यच नसे.

दुसरा उपाय म्हणजे विहीर खणून दूषित पाणी उपसायचे, शुद्ध करायचे आणि सोडून द्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते. वर्षानुवर्षे पाणी उपसून अभियंत्यांना असे दिसले, की उपसलेल्या पाण्यातील पेट्रोलचे प्रमाण आधी घटते, मग एका पातळीवर अडून बसते. पंप बंद केला की ते पुन्हा वाढते. तेलाचे भांडे नुसत्या पाण्याने कितीही विसळले तरी ते ओशटच राहते, तसलाच हा प्रकार. मातीच्या कणांना चिकटलेला साठा थोडा थोडा विरघळत राहतो आणि नव्या पाण्याला दूषित करीत राहतो. भांड्याला आपण राख किंवा साबण लावतो. मातीला काय लावायचे?

तेल खाणारे जीव

या प्रश्नाचे उत्तर मातीतच होते आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांना फार आधीपासून माहीत होते. १८९५ साली मियोशी या जपानी शास्त्रज्ञाने मेणासारख्या पॅराफिनमध्ये बुरशीचे तंतू शिरतात, हे नोंदवले. १९१३ साली झोंगेन या डच शास्त्रज्ञाने पेट्रोल, रॉकेल यांसारख्या हायड्रोकार्बनांवर वाढणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९४६ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या क्लॉड झोबेल यांनी तोपर्यंतच्या सर्व संशोधनाचा आढावा घेतला. हायड्रोकार्बन खाणारे सूक्ष्मजीव निसर्गात जागोजागी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. पृथ्वीच्या पोटातून तेल आपोआप पाझरणे कोट्यवधी वर्षे चालूच आहे. झाडांच्या पानांवरचे मेणही रासायनिक दृष्ट्या पेट्रोलचे दूरचे नातलग आहे. हे सारे कोणी खाल्ले नसते, तर पृथ्वी केव्हाच तेलकट झाली असती. आम्ही प्रयोगशाळेत बागेतली चिमूटभर साधी माती क्षारयुक्त पाण्यात घालून त्यावर डिझेलचे चार थेंब टाकतो आणि चंबू हलत ठेवतो. काही दिवसांत पाणी गढूळ होते. तो गढूळपणा वाढलेल्या जिवाणूंचा असतो. विद्यार्थी दरवेळी विचारतात, “सर, हे जिवाणू आणले कुठून?” आणले कुठूनच नाहीत, ते मातीतच होते. त्यांना पुरेसे खाद्य मिळाले, एवढेच.

मग गळक्या टाकीखालच्या मातीत हेच जिवाणू पेट्रोल का संपवत नाहीत? ही माहिती पन्नास-साठ वर्षे पुस्तकांत पडून होती, पण हा प्रश्न नेटाने विचारला तो एका तेल कंपनीतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने.

अँबलरची विहीर

पेनसिल्व्हेनियातील अँबलर या गावाजवळ नळवाहिनी फुटून मोठ्या प्रमाणावर पेट्रोल जमिनीत मुरले होते. पंपाने जेवढे उपसता आले तेवढे उपसले, पण बराच साठा खडकाच्या भेगांत अडकून राहिला. सन ऑइल कंपनीतील रिचर्ड रेमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास तेथील भूजलाची तपासणी केली. पेट्रोल खाणारे जिवाणू त्यात होतेच. मग उणीव कशाची होती?

शेतकऱ्याला हे उत्तर लगेच सुचेल. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन भरपूर असतात, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतात. जिवाणूला आपली प्रथिने बनवायला नत्र लागते, आणि केंद्रकाम्ले बनवायला नत्र व स्फुरद दोन्ही लागतात. नुसत्या पेट्रोलवर जगणे म्हणजे नुसते तूप खाऊन जगण्यासारखे आहे. रेमंड यांनी अमोनियम सल्फेट आणि फॉस्फेट, म्हणजे खतासारखेच क्षार, विहिरींतून जमिनीखाली सोडले आणि विहिरींच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडण्याची व्यवस्था केली. जिवाणूंची संख्या अनेक पटींनी वाढली आणि पेट्रोल घटू लागले. या पद्धतीचे पेटंट रेमंड यांना १९७४ साली मिळाले. जागेवरच, माती न उकरता, जिवाणूंकडून सफाई करून घेण्याच्या तंत्राची व्यावहारिक सुरुवात अँबलरपासून मानली जाते.

ऑक्सिजनचा हिशेब

अँबलरचा धडा सर्वत्र लागू करू गेल्यावर मात्र अडचण आली. ती समजण्यासाठी दहावीचे रसायनशास्त्र पुरेसे आहे. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

बेंझीनच्या एका रेणूत कार्बनचे सहा आणि हायड्रोजनचे सहा अणू असतात. त्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी बनायला ऑक्सिजनचे साडेसात रेणू लागतात. वजनात मांडले, तर ७८ ग्रॅम बेंझीनला २४० ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे एक किलोग्रॅम बेंझीनला तीन किलोग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन लागतो. पेट्रोलमधील इतर संयुगांनाही साधारण एवढाच, किंबहुना थोडा जास्तच लागतो. आता हा ऑक्सिजन पाण्यातून द्यायचा आहे. हवेशी नीट मिसळलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे एक किलोग्रॅम बेंझीनसाठी जमिनीतून खेळवावे लागणारे पाणी झाले पावणेचार लाख लिटरहून अधिक! दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर अडतीस टँकर. आणि गळालेले पेट्रोल एक किलोग्रॅम नव्हे, हजारो किलोग्रॅम असते.

खत पुरवणे सोपे होते, श्वास पुरवणे अवघड होते. म्हणून १९८० च्या दशकात हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पाहिले गेले. ते पाण्यात कितीही मिसळते आणि विघटन होताना ऑक्सिजन देते. पण येथे जिवाणूंनीच घोटाळा केला. बहुतेक जिवाणूंत कॅटॅलेज हे विकर असते व ते पेरॉक्साइडचे विघटन क्षणार्धात घडवते. औषधाच्या दुकानातील पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची चकती टाकून पाहा. जो फेस येतो, तोच प्रकार विहिरीच्या तोंडाशीच होई. ऑक्सिजनचे बुडबुडे वर निघून जात आणि पुढच्या मातीपर्यंत काही पोहोचत नसे. (हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. पेट्रोल मात्र वर्गात अजिबात आणू नये.)

हवेने साधले

यातून वाट मिळाली ती दुसरेच काम करताना. भूजलाच्या पातळीवरच्या कोरड्या मातीतील वाफा शोषून घेण्यासाठी विहिरींना हवा ओढणारे पंप जोडायचे, हे तंत्र १९८० च्या दशकात रूढ झाले होते. पेट्रोल बाष्पनशील असल्याने ते चांगले चाले. अमेरिकेच्या युटा राज्यातील हिल या हवाई तळावर १९८५ साली विमानाचे सुमारे एक लाख लिटर इंधन सांडले होते. १९८८ च्या अखेरीस तेथे हवा ओढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा बाहेर येणाऱ्या हवेचे पृथक्करणही केले गेले. त्या हवेत इंधनाची वाफ तर होतीच. पण ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा कमी आणि कार्बन डाय-ऑक्साइड अपेक्षेपेक्षा जास्त होता.

जमिनीखाली कोणीतरी श्वास घेत होते. अभियंते वाफ ओढत होते, आणि त्यामागून आत शिरणाऱ्या ताज्या हवेवर जिवाणू इंधन फस्त करीत होते. मग हवेचा वेग कमी करून आणि मातीत ओलावा राखून पाहिले, तेव्हा वाफ होऊन उडणारा भाग घटला आणि जिवाणूंनी खाल्लेला भाग वाढला.

वरचा हिशेब आता हवेसाठी करू. एक लिटर हवेत पाव ग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन असतो, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या तीसपटीहून जास्त. एक किलोग्रॅम बेंझीनला सुमारे ११ घनमीटर हवा पुरते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गखोलीत जेवढी हवा असते, तिचा हा जेमतेम दहावा हिस्सा. शिवाय हवा मातीतून पाण्यापेक्षा कितीतरी सहज फिरते. १९९२ पासून अमेरिकी हवाई दलाने हे तंत्र शंभराहून अधिक ठिकाणी तपासले. बंद पडलेल्या पेट्रोलपंपांच्या जागीही ते रूढ झाले. वाफ नुसती ओढून आकाशात सोडली, तर जमिनीचा डाग हवेला लागतो. जिवाणूंनी खाल्ले, तर तो खरोखर नाहीसा होतो. हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रयोगशाळेतला जिवाणू आणि किनाऱ्यावरचे खत

येथे एका भारतीय शास्त्रज्ञाची आठवण काढायला हवी. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना स्यूडोमोनास जातीच्या एकाच जिवाणूत वेगवेगळी हायड्रोकार्बने पचवणारी अनेक प्लाझ्मिडे, म्हणजे जनुकांची स्वतंत्र वर्तुळे, एकत्र आणली. पेटंटसाठी त्यांनी १९७२ साली अर्ज केला. सजीवाचे पेटंट देता येत नाही म्हणून तो नाकारला गेला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९८० साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल दिला. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासातील ही मोठी घटना होय.

पण हा गाजलेला जिवाणू तेलाच्या सफाईसाठी प्रत्यक्ष मैदानात कधी उतरलाच नाही. मार्च १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले. तेथे किनाऱ्याच्या गोट्यांवर शास्त्रज्ञांनी फवारले ते नत्र-स्फुरदाचे खत. तेलाचे विघटन करणारे जिवाणू तेथे आधीच होते. बाहेरून आणलेल्या जिवाणूला स्थानिक जिवाणूंशी स्पर्धा करावी लागते, आणि घरच्या मैदानावर घरचा संघ सहसा जिंकतो. चक्रवर्तींच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्याने जनुकांविषयीचे आपले ज्ञान वाढवले. माती साफ करायला मात्र नव्या जिवाणूपेक्षा जुन्याला खत आणि हवा देणे अधिक उपयोगी ठरले.

निसर्गावर सोपवावे काय?

ऑगस्ट १९७९ मध्ये मिनेसोटा राज्यात बेमिडजी गावाजवळ नळवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. सफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर तेल जमिनीतच राहिले. अमेरिकेच्या भूविज्ञान सर्वेक्षण विभागाने १९८३ पासून तेथे कायमची संशोधन-जागा केली. विरघळलेले विषारी घटक भूजलाबरोबर दूरवर जातील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते फार पुढे सरकले नाहीत. वाटेतच जिवाणू ते संपवीत होते, तेही ऑक्सिजन संपून गेलेल्या पाण्यात! १९८९ साली डेरेक लव्हली व सहकाऱ्यांनी दाखवले, की काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी मातीतील गंजाचे, म्हणजे फेरिक लोहाचे, सहाय्य घेऊन अशी संयुगे पचवतात. एक लिटर पेट्रोलने १५ लाख लिटर पाणी का नासत नाही, याचे हे एक उत्तर.

१९९५ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने राज्यातील गळक्या टाक्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. बहुतेक ठिकाणी बेंझीनचा पट्टा टाकीपासून ७५-८० मीटरच्या आतच थांबलेला आढळला. निष्कर्ष असा निघाला, की अनेक जागी गळती थांबवावी, साठा काढून घ्यावा आणि उरलेले काम निसर्गावर सोपवून लक्ष ठेवावे. खर्च प्रचंड वाचणार होता. सगळे खूश झाले.

पुढच्याच वर्षी, १९९६ साली, त्याच राज्यातील सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे जवळजवळ निम्मे पाणी गेले. दोषी होते मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर, थोडक्यात एमटीबीई. पेट्रोलमधील शिसे काढल्यावर त्याची जागा भरायला आणि पुढे धूर कमी व्हावा म्हणून हे संयुग १९७९ पासून पेट्रोलमध्ये मिसळले जात होते. ते बेंझीनच्या वीसपटीहून अधिक पाण्यात विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि जिवाणूंना सहज पचत नाही. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी घातलेले द्रव्य पंपांच्या गळतीतून पाण्यात उतरले. आदल्या वर्षीच्या अभ्यासात विचार मुख्यतः बेंझीनचा झाला होता. अभ्यास चुकीचा नव्हता, पण त्याचे उत्तर त्याने विचारलेल्या प्रश्नापुरतेच होते. २००४ पासून कॅलिफोर्नियात एमटीबीईवर बंदी आली. सांता मोनिकाच्या मुख्य विहिरींचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात यायला सुमारे पंधरा वर्षे लागली. दरम्यान १९९९ साली एमटीबीईवर वाढणारा एक जिवाणूही कॅलिफोर्नियातच सापडला. निसर्ग अशक्त नव्हता, पण त्याची गती शहराच्या तहानेला पुरण्याजोगी नव्हती.

याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्ट धोरण जाहीर केले. निसर्गावर सोपवणे म्हणजे काही न करणे नव्हे. मूळ साठा काढला पाहिजे, ठरावीक काळाने नमुने तपासले पाहिजेत आणि अपेक्षेप्रमाणे घट होत नसेल तर दुसरा उपाय तयार असला पाहिजे.

आपल्या मातीत

जिवाणूंच्या मदतीने तेल साफ करण्याचा अनुभव आपल्याकडेही आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यावर आले, तेव्हा टेरी या संस्थेने तयार केलेले तेलभक्षी जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण सफाईसाठी वापरले गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोलपंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार पंप शाळा, रुग्णालये आणि वस्ती यांपासून सर्वसाधारणपणे ५० मीटर दूर असावा लागतो.

अमेरिकेतील सारेच अनुभव येथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. बेमिडजीची जमीन वाळूची आहे आणि तीत पाणी सगळीकडून सारखे झिरपते. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी मुरुमातून आणि खडकाच्या सांध्यांतून वाट काढते. कोणती भेग कोणत्या विहिरीला जाऊन मिळते, हे वरून दिसत नाही. म्हणून बंद पडलेल्या पंपाच्या जागेवर इमारत किंवा क्रीडांगण करण्याआधी तेथील माती, मातीतील वाफ आणि आसपासच्या विहिरींचे पाणी तपासणे, हे पहिले पाऊल ठरते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोल शिसेमुक्त झाले. त्याआधीच्या पंपांखाली शिसेयुक्त पेट्रोल मुरलेले असू शकते. जिवाणू रेणू तोडू शकतात, पण शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कोणाही जिवाणूला नाहीसे करता येत नाही.

हा सारा इतिहास वाचून विद्यार्थी एक साधा प्रश्न विचारतील, आणि तो विचारायलाच हवा. जमीन साफ झाली, असे केव्हा म्हणायचे? पेट्रोलचा शेवटचा रेणू जाईपर्यंत थांबायचे म्हटले, तर काम कधीच संपणार नाही. वास गेला म्हणजे झाले असे म्हटले, तर बेंझीनचे पाच मायक्रोग्रॅम नाकाला कळत नाहीत. याचे उत्तर त्या पाण्याचे पुढे काय होणार यावर अवलंबून आहे. तेथे रस्ता होणार असेल तर एक मर्यादा, आणि शेजारच्या विहिरीचे पाणी कोणी पीत असेल तर दुसरी. ही मर्यादा ठरवताना मोजमाप शास्त्रज्ञ करतील. पण विहिरीचे पाणी कोण पितो, हे त्या गावातल्या माणसांनाच ठाऊक असते.

शाळेच्या परिसरात एखादा जुना, बंद पडलेला पंप असेल, तर विद्यार्थ्यांना घेऊन त्याचा नकाशा काढावा. जमिनीचा उतार कोणीकडे आहे, विहिरी आणि कूपनलिका कोठे आहेत, त्यांचे पाणी कशासाठी वापरतात, पंप केव्हापासून केव्हापर्यंत चालू होता, एवढे जरी नोंदवले तरी पुष्कळ झाले. उद्या कोणी तेथील माती तपासायला आले, तर पहिला प्रश्न ते हाच विचारतील.